एका भिंतीवर दोन लिप्या

(तापीच्या काठावरील बुऱ्हाणपूर या ऐतिहासिक शहरी नंदुरबारच्या काही मित्रांनी दोन दिवसांची सहल काढली. त्या सहलीचे वर्णन या पाठात आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या नंदुरबार जिल्ह्यातून वाहणारी तापी नदी तुम्ही पाहिलीच असेल. पण ही नदी आपल्याकडे येण्यापूर्वी कोणती गावे पाहून येते, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? आम्ही तो केला आणि तापीच्या उलट दिशेने प्रवासाला निघालो.

पावसाळा संपला होता. शरद ऋतूतले निळे आकाश स्वच्छ दिसत होते. शनिवारी पहाटे भाड्याच्या जीपने आम्ही चार मित्र निघालो. एका मित्राचा मुलगाही बरोबर होता. तो तुमच्यासारखाच उर्दू शाळेत आठवीत शिकत होता. मराठीत त्याला कमी गुण मिळाले होते. वाटेत तो मला म्हणाला, "चाचा, घरी आम्ही उर्दू बोलतो. मग मराठी कशाला शिकायची?" मी फक्त हसलो.

प्रकाशा येथे पुलावरून तापी ओलांडली. शहाद्याहून पुढे रस्ता पूर्वेकडे जातो. डाव्या हाताला सातपुड्याच्या रांगा दिसत होत्या. शेतांत कापसाची वेचणी चालू होती. शिरपूर मागे पडले. या भागात तापीच्या काठी थाळनेर हे जुने गाव आहे. खानदेशात फारूकी घराण्याची सत्ता मलिक राजाने येथूनच सुरू केली. त्याचा मुलगा नसीर खान याने इ. स. १४०० च्या सुमारास बुऱ्हाणपूर वसवले. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावावरून त्याने शहराला हे नाव दिले. या संतांची कबर खुलताबादला आहे.

चोपडा, यावल, रावेर अशी गावे घेत आम्ही चाललो. रावेरकडे दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या. त्यानंतर महाराष्ट्राची हद्द संपली आणि दुपारी आम्ही मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरला पोहोचलो.

आधी आम्ही जामा मशिदीत गेलो. काळ्या दगडाची ही भव्य इमारत फारूकी राजा आदिलशाह, म्हणजेच राजा अली खान, याने बांधली. आतल्या भिंतीवर एक शिलालेख आहे. मुलाच्या वडिलांनी त्यातील अरबी मजकूर वाचून दाखवला. पण तेथे दुसऱ्या लिपीतही काही कोरलेले होते. मुलगा जवळ गेला. अक्षरांची वळणे थोडी जुनी होती. तो एकेक अक्षर लावू लागला.

"श्री... हा श आहे! अब्बा, ही तर आमच्या मराठीच्या पुस्तकातली अक्षरे!"

तो लेख संस्कृत भाषेत आणि देवनागरी लिपीत आहे. सृष्टी निर्माण करणाऱ्याला वंदन करून लेखाची सुरुवात होते. पुढे फारूकी राजांची वंशावळ आहे. शेवटी मशीद बांधल्याचा काळ दिला आहे.

मुलाला आकडेही ओळखता आले. तो म्हणाला, "१६४६! म्हणजे त्या वर्षी मशीद बांधली का?"

मी म्हणालो, "हा विक्रम संवत आहे. तो इसवी सनाच्या ५६-५७ वर्षे पुढे असतो. म्हणून हा काळ इ. स. १५९० च्या सुमाराचा."

आम्हा चौघा मोठ्यांच्या आधी एका मुलाने तो आकडा वाचला होता. मराठी कशाला शिकायची, हा प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही.

संध्याकाळी आम्ही तापीकाठचा शाही किल्ला पाहिला. शाहजहानची बेगम मुमताज महल १७ जून १६३१ रोजी बुऱ्हाणपुरातच मरण पावली. पलीकडच्या काठावर जैनाबादच्या बागेत तिला दफन केले होते. काही महिन्यांनी तिचे शव आग्ऱ्याला नेले. तेथे पुढे ताजमहाल उभा राहिला.

किल्ल्यात शाही हमाम आहे. त्याच्या छतावर रंगीत नक्षी आहे. ती पाहण्यात आम्ही गुंग झालो होतो. इतक्यात आमच्या एका मित्राने खिशातून किल्ली काढली आणि भिंतीवर स्वतःचे नाव कोरण्यासाठी हात उचलला.

"चाचा, नको!" मुलगा ओरडला.

मित्र रागावून म्हणाला, "का? त्या राजानेही भिंतीवर नाव लिहिलेच ना?"

मुलगा क्षणभर घुटमळला. मग हळूच म्हणाला, "त्याने आधी भिंत बांधली, चाचा. मग नाव लिहिले."

कोणी काही बोलले नाही. मित्राने किल्ली खिशात ठेवली. रात्री त्यानेच सर्वांना मावा जिलेबी खाऊ घातली. सर्वांत मोठे कडे मुलाच्या ताटात पडले.

रविवारी सकाळी आम्ही कुंडी भंडारा पाहिला. बादशाह जहांगीरच्या काळात, इ. स. १६१५ मध्ये, सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान याने हे काम करवून घेतले. हिंदी दोह्यांचा प्रसिद्ध कवी रहीम तो हाच. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पावसाचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात झिरपते. सुमारे शंभर विहिरी या बोगद्याने एकमेकींना जोडलेल्या आहेत. त्यांतून बोगद्यात हवा आणि उजेड जातो. पाणी उताराने आपोआप शहराकडे वाहते. पंप नाही, वीज नाही! चारशे वर्षांनंतरही येथे पाणी आहे. २०२४ मध्ये या जलव्यवस्थेचे नाव युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत आले.

रहीमने येथे आपले नाव किती ठिकाणी कोरले, हे कोणी विचारत नाही. लोक पाणी पितात आणि त्याची आठवण काढतात.

परत येताना प्रकाशाच्या पुलावर आम्ही जीप थांबवली. खाली तापी शांतपणे वाहत होती. मुलगा पाण्याकडे पाहत म्हणाला, "हे पाणी बुऱ्हाणपूर पाहून आले आहे. आता मीही पाहिले."

मित्रांनो, तुमच्या गावातही एखादी जुनी विहीर, कबर, मंदिर किंवा वेस असेल. तेथे जा. त्यावर काही लिहिले असेल तर वाचा. मात्र आपले नाव तेथे लिहू नका. ते आपल्या वहीवर लिहा आणि आत त्या वास्तूची माहिती लिहा.

शब्दार्थ
शिलालेख – दगडावर कोरलेला मजकूर
वंशावळ – घराण्यातील पिढ्यांची यादी
घुटमळणे – काय करावे ते न सुचून थांबणे
मुरणे – जमिनीत हळूहळू जिरणे
वेस – गावाचा दरवाजा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बुऱ्हाणपूर कोणी वसवले?
(आ) मुलाने शिलालेखातील कोणता आकडा वाचला?
२. मुलाचे उत्तर ऐकून मित्राने किल्ली खिशात का ठेवली? तीन-चार वाक्यांत लिहा.
३. तारीख, इमारत, दरवाजा हे शब्द उर्दूत व मराठीत आहेत. असे आणखी पाच शब्द शोधा.
४. तुमच्या गावातील एका जुन्या वास्तूची माहिती दहा ओळींत लिहा.