चौदाव्या वर्षी विजेती, तरीही हौशी



क्रिकेट, कबड्डी किंवा खो-खोची ओळख तुम्हाला करून द्यावी लागत नाही. या अंकात मात्र आम्ही आपल्याला फारशा परिचित नसलेल्या खेळातील एका मुलीची माहिती देत आहोत. खेळ आहे गोल्फ, देश थायलंड आणि मुलीचे नाव अथाया थितिकुल. आपल्या बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचे मैदान आहे. पण आपल्यापैकी बहुतेकांनी ते बाहेरूनच पाहिलेले असते. म्हणून आधी खेळाविषयी थोडेसे.

खेळ कसा असतो?

गोल्फच्या मैदानावर १८ होल असतात. ठरलेल्या जागेवरून चेंडू टोलवायला सुरुवात करायची आणि कमीत कमी फटक्यांत तो दूरच्या हिरवळीवरील छोट्या खळग्यात घालवायचा. प्रत्येक होलसाठी किती फटके अपेक्षित आहेत हे ठरलेले असते. त्या संख्येला 'पार' म्हणतात. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर 'बर्डी', दोन कमी लागले तर 'ईगल' आणि एक जास्त लागला तर 'बोगी'. पूर्ण १८ होलांचा पार बहुधा ७२ असतो. इतर खेळांत ज्याचे गुण जास्त तो जिंकतो. येथे ज्याचे फटके कमी तो जिंकतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मैदान एवढे मोठे असते की प्रत्येक खेळाडूमागे पंच फिरू शकत नाही. नियमभंग झाला तर खेळाडूने तो स्वतः सांगायचा व दंडाचा फटका आपल्या नावावर मांडायचा, अशी या खेळाची रीत आहे. शेवटी आपल्या गुणपत्रिकेवर सही करायची, म्हणजे तिच्या खरेपणाची जबाबदारी आपलीच.

राचबुरीची मुलगी

अथायाचा जन्म २० फेब्रुवारी २००३ रोजी बँकॉकच्या पश्चिमेकडील राचबुरी प्रांतात झाला. राचबुरी हे नाव 'राजपुरी' या शब्दाचेच थाई रूप आहे. थायलंडमध्ये जन्मनावाखेरीज एक छोटेसे घरगुती नाव असते, आपल्याकडे बाळू किंवा छकुली असते तसे. अथायाचे असे नाव 'जीनो' आहे. वयाच्या सहाव्या वर्षी तिने गोल्फ शिकायला सुरुवात केली.

तिच्यापुढे आपल्याच देशातील एक उदाहरण होते. एरिया जुटानुगर्न या थाई मुलीने २००७ साली, अवघ्या अकराव्या वर्षी, महिलांच्या एलपीजीए मालिकेतील स्पर्धेसाठी पात्रता मिळवली होती. पुढे २०१६ मध्ये ब्रिटिश ओपन जिंकून ती गोल्फमधील 'मेजर' म्हणजे सर्वांत मानाची स्पर्धा जिंकणारी पहिली थाई खेळाडू ठरली. २०१७ मध्ये ती जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोहोचली.

बक्षीस जिंकले, रक्कम नाही

९ जुलै २०१७ रोजी पट्टायाजवळच्या मैदानावर थायलंडमधील युरोपीय महिला मालिकेची स्पर्धा संपली. अनेक नामवंत व्यावसायिक खेळाडूंना मागे टाकून अथायाने ती दोन फटक्यांनी जिंकली. त्या दिवशी तिचे वय १४ वर्षे, ४ महिने व १९ दिवस होते. युरोपीय महिला मालिकेत इतक्या लहान वयात त्यापूर्वी कोणीही जिंकले नव्हते.

परंतु ती 'हौशी' खेळाडू होती. खेळावर उपजीविका करतो तो व्यावसायिक. खेळाच्या आवडीने खेळतो तो हौशी. त्या वेळच्या नियमांप्रमाणे हौशी खेळाडूला अशा स्पर्धेतील बक्षिसाची रक्कम घेता येत नव्हती. त्यामुळे करंडक अथायाला मिळाला, पैसे मिळाले नाहीत.

एवढ्या यशानंतर लगेच व्यावसायिक व्हावे असे कोणालाही वाटले असते. अथाया मात्र पुढची अडीच वर्षे हौशीच राहिली. फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंगापूर येथे आशिया-पॅसिफिक हौशी महिला स्पर्धा प्रथमच भरली. बरोबरी झाल्यामुळे जादा होल खेळवावे लागले आणि ती विजेती ठरली. त्याच वर्षी ब्वेनोस आयर्सच्या युवा ऑलिंपिकमध्ये मिश्र सांघिक प्रकारात तिने थायलंडला सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ आणि २०१९ अशी दोन्ही वर्षे ब्रिटिश ओपनमधील सर्वोत्कृष्ट हौशी खेळाडू तीच होती. २०१९ मध्ये तर थायलंडमधील ती युरोपीय स्पर्धा तिने पुन्हा जिंकली. अर्थात याही वेळी रकमेविना.

व्यावसायिक झाल्यावर

जानेवारी २०२० मध्ये, सतरावे वर्ष पूर्ण होण्याआधी, ती व्यावसायिक झाली. लगेच करोनाची साथ आली. २०२१ मध्ये युरोपीय मालिकेत ती वर्षाची अव्वल खेळाडूही ठरली आणि सर्वोत्कृष्ट नवोदितही. २०२२ मध्ये अमेरिकेतील एलपीजीए मालिकेत तिने दोन स्पर्धा जिंकल्या व ३१ ऑक्टोबर रोजी १९व्या वर्षी जगात पहिला क्रमांक मिळवला. तिच्याहून लहान वयात हा मान फक्त न्यूझीलंडच्या लिडिया को हिला मिळाला होता.

तो क्रमांक फार दिवस टिकला नाही. २०२४च्या सुरुवातीला अंगठ्याच्या दुखापतीने तिला खेळापासून दूर राहावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मोसमातील अखेरच्या स्पर्धेत दोन होल शिल्लक असताना ती दोन फटक्यांनी मागे होती. सतराव्या होलवर ईगल, अठराव्यावर बर्डी आणि एका फटक्याने विजय! बक्षीस होते ४० लाख डॉलर. चौदाव्या वर्षी जिला एक पैसाही घेता आला नव्हता, तिलाच महिला गोल्फमधील ही सर्वांत मोठी रक्कम मिळाली.

२०२५ मध्ये ती पुन्हा पहिल्या क्रमांकावर आली. पण ते वर्षही सरळ गेले नाही. जुलैमध्ये फ्रान्समधील एव्हियाँ स्पर्धेत जादा होलांवर ऑस्ट्रेलियाच्या ग्रेस किमने तिला हरवले. ही ग्रेस किम म्हणजे २०१८च्या युवा ऑलिंपिकमधील मुलींची वैयक्तिक विजेती. सप्टेंबरमध्ये ओहायोत शेवटच्या हिरवळीवर अथाया एका फटक्याने पुढे होती. तेथे तिला चार फटके लागले आणि इंग्लंडची चार्ली हल जिंकली. त्यानंतर महिन्याभरातच अथायाने शांघायची स्पर्धा जिंकली आणि नोव्हेंबरमध्ये मोसमातील अखेरची स्पर्धाही सलग दुसऱ्यांदा. २०२५ अखेरपर्यंत तिच्या नावावर एकही मेजर मात्र नव्हती.

पालकांसाठी दोन शब्द

मूल एखाद्या गोष्टीत चमकले की आपण लगेच हिशोब मांडू लागतो : याचा पुढे उपयोग काय, यातून मिळकत होईल का? हे विचारणे चूक नाही. घर चालवणाऱ्याला ते विचारावेच लागते. प्रश्न वेळेचा आहे. अथायाने चौदाव्या वर्षी जिंकून सोळाव्या वर्षापर्यंत वाट पाहिली. त्या काळात तिला पैसे मिळाले नाहीत. पण मोठ्यांबरोबर खेळण्याचा, जिंकण्याचा आणि हरण्याचा सराव मिळाला. हिरवळीवरची हार पचवण्याचे बळ काही एका दिवसात येत नाही. प्रत्येक मूल विश्वविजेते होणार नाही, हेही खरे. म्हणूनच मुलाने आवडीने केलेल्या गोष्टीचे मोल ठरवण्याची आपण थोडी कमी घाई करावी, असे आम्हाला वाटते.

स्वाध्याय

१. हौशी आणि व्यावसायिक खेळाडूंमधील फरक उदाहरणासह सांगा.
२. पार ५ असलेल्या होलवर बर्डी व बोगी यांसाठी प्रत्येकी किती फटके लागतील?
३. पंच जवळ नसताना स्वतःची चूक स्वतः सांगणे का आवश्यक आहे? आपल्या शाळेतील एखाद्या खेळाच्या आधारे दहा ओळी लिहा.
४. नकाशात राचबुरी, पट्टाया, सिंगापूर व ब्वेनोस आयर्स शोधा.