पानाचे अन्न, शाळेचा प्रयोग

हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव हे कयाधूकाठचे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. सोयाबीन, कापूस, तूर व हळद ही या परिसरातील पिके होत. येथील विद्यार्थी पिकांच्या सहवासात वाढतो. तथापि प्रकाशसंश्लेषणाचा धडा केवळ पाठ केला, तर शेत आणि पुस्तक यांची गाठ पडत नाही. ती घालून देणारे प्रयोग अल्प खर्चात करता येतात.

प्रकाश

ज्वारीच्या पिठावर पातळ आयोडीनचा थेंब टाकला असता ते निळे-काळे होते. ही पिष्टाची खूण होय. कुंडीतील जास्वंद ४८ तास अंधारात ठेवावी, म्हणजे पानांतील पिष्ट संपते. नंतर एका पानाचा मधला भाग काळ्या कागदाने दोन्ही बाजूंनी झाकून रोप पाच-सहा तास उन्हात ठेवावे. पान खुडून मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवावे व स्पिरिट असलेल्या परीक्षानळीत घालून ती नळी गरम पाण्यात ठेवावी. स्पिरिट पेट घेते; म्हणून शेगडी आधी विझवावी आणि हे काम शिक्षकांनीच करावे. रंग उतरलेले पान धुऊन त्यावर आयोडीन टाकताच उघडा भाग काळवंडतो, झाकलेला नाही.

हरितद्रव्य

हिरव्या-पांढऱ्या पानांच्या शोभेच्या रोपावर, कागद न लावता, हीच कृती करावी. केवळ हिरवा भाग काळवंडतो.

कार्बन डायऑक्साइड

उकळून थंड केलेल्या पाण्यात हायड्रिला ही पाणवनस्पती उन्हात ठेवल्यास बुडबुडे फारसे येत नाहीत. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकताच ते येऊ लागतात. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी याच वनस्पतीवर संशोधन करून १९२४ मध्ये प्रकाशसंश्लेषणावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

पाण्याची गरज मात्र अशी वेगळी दाखविता येत नाही, कारण पाण्याविना रोप अन्य कारणांनीही सुकते. बाहेर पडणारा प्राणवायू पाण्यातून येतो, हे १९४१ मध्ये जड प्राणवायूच्या साहाय्याने दिसून आले.

या सर्व प्रयोगांत एकच गोष्ट बदलली, बाकीच्या समान ठेवल्या. नवे बियाणे वा खत पारखताना शेतकऱ्यानेही हेच करावयाचे असते: शेजारी-शेजारी दोन पट्टे, फरक एकच. शाळेत ही दृष्टी लाभलेला विद्यार्थी उद्या ऐकीव सल्ल्यावर हंगाम पणाला लावणार नाही. ग्रामपंचायतीने शाळेस चार कुंड्या व थोडे साहित्य पुरविले, तर तो खर्च गावाच्या शेतीवरीलच ठरेल.