गरम झाली की बंद पडणारी गाडी: थंड व्हायच्या आत काय बघायचं?

१ जून ते ३१ जुलै या बंदीत आपण होडी-ट्रॉलरची डागडुजी करतो, पण मासळीची जुनी गाडी तशीच राहते. मग हंगामात ती दगा देते. पहाटे मालिम जेटीवर एका स्टार्टरला सुरू होते, पर्वरीचा चढ चढून म्हापशाच्या गर्दीत पोचली की बंद. अर्ध्या तासाने परत सुरू! तोवर बर्फ वितळतो, बांगड्याचा भाव पडतो. गॅरेजात नेईपर्यंत इंजिन थंड होतं, दोष दिसत नाही. मग अंदाजाने एकेक पार्ट बदलत पैसे जातात.

कार्ब्युरेटरवाल्या पेट्रोल गाडीचा हा दोष ती गरम असतानाच सापडतो. बंद पडल्यावर गाडी कडेला घ्या आणि लगेच या क्रमाने बघा.

१) काटा: तापमानाचा काटा लाल खुणेवर असेल तर दुखणं पाण्याचं, पंख्याचं किंवा थर्मोस्टॅटचं. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, भाजेल.

२) कशी बंद पडली? चावी फिरवल्यासारखी एकदम बंद झाली तर संशय करंटवर. गचके देत, दम तुटत बंद झाली तर संशय पेट्रोलवर.

३) वास: पेट्रोलचा उग्र वास आणि प्लग ओले-काळे, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. चोकची पट्टी अडकलीय का बघा. गरम इंजिनात ती उघडी हवी. वास असताना स्पार्क तपासू नका, आग लागेल.

४) स्पार्क: वास नसेल तर एका वायरला जादा प्लग लावा, त्याचं लोखंड इंजिनला टेकवा, रबरी मुठीच्या पकडीने धरा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी किंवा नाहीच, तर आधी वायरी घट्ट करा. मग कॉईल, कंडेन्सर. कॉईलच्या आतली तार गरम झाल्यावर सुटते, थंड झाली की परत जुळते. म्हणून गॅरेजात ती चांगली वाटते.

५) पेट्रोल: टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत गेली आणि गाडी सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. नाहीतर एअर फिल्टर काढून, इंजिन बंद ठेवून, कार्ब्युरेटरचा अ‍ॅक्सिलरेटर हाताने ओढा. आत पेट्रोलची पिचकारी दिसायला हवी. नसेल तर फिल्टर चोंदलाय, फ्युएल पंप थकलाय किंवा गरम नळीत पेट्रोलची वाफ अडकलीय.

६) दोन्ही ठीक? फक्त हळू चालताना बंद पडते तर आयडल जेटमधला कचरा आणि चिरलेली व्हॅक्यूम नळी बघा. तरीही नाही सापडलं तर व्हॉल्व्हचं अंतर तपासून घ्या. ते फार कमी असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरते मिटत नाहीत आणि कॉम्प्रेशन जातं.

जे दिसलं ते तिथेच मोबाईलवर लिहा आणि मिस्त्रीला दाखवा. "बंद पडते" यापेक्षा "गरम असताना स्पार्क नव्हता" हे सांगितलंत तर नको ते पार्ट बदलले जाणार नाहीत.

जाता जाता: ओबीएम थोडं चालून बंद पडत असेल तर आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का बघा. हवा आत गेल्याशिवाय पेट्रोल बाहेर येत नाही. रस्त्यावर ढकलायला चार माणसं मिळतात, दर्यात नाही.