खेळातील रिकामी जागा

‘माफिया’ हा संशयाचा खेळ १९८६ साली मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्राचा विद्यार्थी असलेल्या दिमित्री दाविदोव याने रचला. पुढे १९९७ मध्ये अमेरिकेच्या अँड्र्यू प्लॉटकिन याने त्यातील मारेकऱ्यांना नरलांडग्याचे सोंग देऊन ‘वेअरवुल्फ’ हे रूप प्रचारात आणले. मूळ कल्पना साधी आहे. गावात मूठभर मारेकरी असतात. ते एकमेकांस ओळखतात; गावकरी मात्र कोणासच ओळखत नाहीत. रात्री मारेकरी एकाचा बळी घेतात, दिवसा सर्वजण चर्चा करून बहुमताने एका संशयितास बाद करतात. मारेकऱ्यांची संख्या गावकऱ्यांइतकी झाली की गाव हरले.

समोरासमोर बसल्यास हा डाव एका बैठकीत संपतो. ऑनलाईन, लेखी संदेशांतून खेळताना तो कित्येक आठवडे चालतो. मग कोणाची परीक्षा येते, कोणी आजारी पडतो, कोणी रागावून निघून जातो. अशा वेळी सूत्रधाराने काय करावे?

प्रथम हिशेब पाहू. सात खेळाडूंत दोन मारेकरी व पाच गावकरी आहेत. दिवसा गावाने चुकून आपलाच माणूस बाद केला, तर उरले सहा; रात्रीच्या बळीनंतर पाच. त्यांत गावकरी तीन, म्हणजे डाव अजून जिवंत आहे. गावाला एक चूक परवडते. पण पहिल्याच दिवशी एक गावकरी नुसता वगळला, तर त्यानंतरच्या एकाच चुकीने व एका रात्रीने दोघांस दोघे उरतात आणि गाव हरते. म्हणजे एकाच्या गैरहजेरीने गावाला परवडणारी ती एकमेव चूक खर्ची पडते. उलट मारेकरी वगळला, तर गावाला न कमावलेला विजय हाती येतो.

म्हणून वगळणे हा शेवटचा उपाय होय. पहिला उपाय बदली खेळाडू. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षणापुरता आलेला बदली खेळाडू फलंदाजी करीत नाही. येथे मात्र नवागतास ती जागा संपूर्ण घ्यावी लागते: भूमिका, दिलेली मते आणि आधीच्याने बोललेला प्रत्येक शब्द. तो बाहेरचाच असावा. डावाची गुपिते पाहिलेला प्रेक्षक किंवा बाद झालेला खेळाडू चालणार नाही.

सूत्रधाराने आणखी एक पथ्य पाळावे. कोण का गेला, हे जाहीर करू नये. “मारेकरी होणे त्याला झेपले नाही” असे एक वाक्य सुटले की आठवड्याची चर्चा वाया गेली. ठराविक मुदत, समजा ४८ तास, कोणी गप्प राहिल्यास खासगी इशारा द्यावा व नंतर जागा बदलावी. हा नियम सर्वांस सारखा लागू असला, तर बदलीवरून भूमिकेचा तर्क करता येत नाही.

नियम मुद्दाम मोडणाऱ्याचा प्रश्न निराळा. “आईशपथ, मी गावकरीच आहे, पटत नसेल तर मी हा डाव सोडतो,” असे म्हणणारा खेळाबाहेरचा विश्वास खेळात वापरतो. त्यास काढावेच लागते. परंतु शिक्षा व्यक्तीस व्हावी, पक्षास नव्हे. शक्य तेथे त्याच्याही जागी बदली आणावा. तेही न जमल्यास वगळण्याचा परिणाम काय होईल, हे डाव सुरू होण्यापूर्वीच नियमांत लिहिलेले असावे. ऐनवेळी घेतलेला निर्णय कितीही प्रामाणिक असला, तरी हरणाऱ्या पक्षास तो पक्षपातच वाटतो. आणि ज्या खेळात प्रत्येकावर संशय घ्यायचा, तेथे निःशंक विश्वास ठेवण्याजोगा माणूस सूत्रधार एवढा एकच असतो.