केस बंद, नाव चालू

प्रस्तुत लेखिकेने बालसंरक्षण खात्याचं ते पत्र वाचलं होतं. कसं, तर कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत. घरी चौकशीला येऊन गेलेल्या बाईंनी ‘केस बंद होईल, काळजी करू नका’ असं सांगितलंच होतं. पत्रात ‘इंडिकेटेड’ असा एक शब्द होता. तो तिने ‘कळवण्यात येते’ अशा अर्थाने घेतला आणि कागद बँकेच्या फाइलमध्ये टाकून दिला. न्यूयॉर्क राज्यात त्या शब्दाचा अर्थ ‘आरोपात तथ्य आढळले’ असा होतो. केस बंद झाली हे खरं, पण नाव राज्याच्या बाल-अत्याचार यादीत चढलं होतं.

घडलं होतं ते एवढंच. २०१५ च्या हिवाळ्यात, सात वर्षांची मुलगी झोपली की ही इमारतीच्या तळघरात कपडे धुवायला जायची. वीसेक मिनिटं. एका रात्री मुलगी जागी झाली, घाबरली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत बोलली. शिक्षिकेने हॉटलाइनला फोन केला. तिला दोष देता येत नाही. असा संशय कळवणं तिथल्या शिक्षकांना कायद्याने बंधनकारक आहे. मूल किती वर्षांचं झालं की घरात एकटं ठेवता येतं, हे मात्र न्यूयॉर्कचा कायदा कुठेच सांगत नाही. ते प्रसंग बघून ठरवलं जातं, आणि बघणारा असतो तपास अधिकारी.

तीन वर्षांनी तिने पाळणाघरात साहाय्यक म्हणून अर्ज केला. मुलाखत झाली, बोटांचे ठसे झाले, रुजू व्हायची तारीखही बोलून झाली. मग राज्याच्या यादीत चौकशी झाली आणि संचालिकेचा आवाज फोनवर अचानक बदलला.

यादी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिक्षा झालेले गुन्हेगार येतात. भारतात २०१८ मध्ये सुरू झालेली लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही तशीच आहे. अमेरिकेतल्या राज्यांच्या बाल-अत्याचार नोंदवह्या वेगळ्या. तिथे नाव चढायला शिक्षा लागत नाही, खटलाही लागत नाही. बालसंरक्षण अधिकाऱ्याचा निष्कर्ष पुरतो. या नोंदवह्या सहसा लोकांना बघता येत नाहीत, पण पाळणाघरं आणि दत्तकसंस्था तिथे चौकशी करतात. अमेरिकेत तथ्य आढळलेल्या प्रकरणांतली बहुसंख्य मुलं मारहाणीची नव्हे, हेळसांडीची बळी म्हणून नोंदली जातात. हेळसांड हा शब्द रबरासारखा आहे. उपाशी ठेवलेलं मूलही त्यात बसतं आणि तळघरातली वीस मिनिटंही.

न्यूयॉर्कमध्ये हा वाद जुना आहे. चोरी केली म्हणून अकरा वर्षांच्या मुलीच्या थोबाडीत मारणाऱ्या एका आईचं नाव यादीत गेलं. ‘व्हॅलमॉन्टे विरुद्ध बेन’ या खटल्यात १९९४ मध्ये संघीय अपील न्यायालयाने राज्याचे कान उपटले. यादीत तेव्हा सुमारे वीस लाख नावं होती. नाव काढा म्हणून दाद मागणाऱ्यांपैकी जवळजवळ ७५ टक्के लोक शेवटी जिंकत होते. एवढे जिंकत असतील तर नावं घालतानाच चाळणी फाटकी आहे, हे सांगायला न्यायाधीश कशाला हवा! पण चाळणी तशीच राहिली. थोडाफार विश्वासार्ह पुरावा मिळाला की तपासाच्या पातळीवर ‘इंडिकेटेड’. राज्याने कायदा बदलला २०२० मध्ये आणि तो लागू झाला १ जानेवारी २०२२ पासून. आता पुराव्याचं पारडं आरोपाच्या बाजूने झुकलेलं असावं लागतं, आणि हेळसांडीची नोंद आठ वर्षांनी नोकरी देणाऱ्यांना दिसत नाही. पूर्वी ती घरातलं सगळ्यात धाकटं मूल २८ वर्षांचं होईपर्यंत दिसत राहायची.

कॅलिफोर्नियातली गोष्ट तर याहून विचित्र. हम्फ्रीज दांपत्यावर मुलीने छळाचा आरोप केला, अटक झाली. पुढे आरोप टिकले नाहीत आणि न्यायालयाने दोघांना निर्दोष जाहीर केलं. तरी राज्याच्या यादीतलं नाव हलेना, कारण ते काढायला सांगायचं कुणाला, याची सोयच कायद्यात नव्हती! अपील न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. २०१२ पासून तिथे केवळ तथ्य आढळलेली प्रकरणंच यादीत जातात. त्याआधी ‘निष्कर्ष नाही’ अशा शेऱ्याचीही जात. मिशिगननेही २०२२ मध्ये यादी गंभीर प्रकरणांपुरती आखडली.

यादीच नको, असं मात्र लेखिका म्हणणार नाही. एका पाळणाघरात मुलांना चटके देणारा माणूस, पुरावा कमी पडला म्हणून खटल्यातून सुटला, तर तो पुढच्या गावातल्या पाळणाघरात जायला नको. पण त्याच्या आणि कपडे धुवायला गेलेल्या आईच्या नावात काही फरक हवा की नको? आणि सुनावणी नाव चढण्याआधी का नको?

लेखिकेची चूक पत्राची होती. सुनावणी मागायला ९० दिवस होते, ते फाइलमध्ये निजले. नोकरीच्या चौकशीमुळे दाद मागायची आणखी एक संधी मिळाली, वकील केला, शिक्षिकेने आणि शेजारणीने पत्रं दिली, नोंद रद्द झाली. मध्ये सव्वा वर्ष गेलं. पाळणाघरातली ती जागा केव्हाच भरली होती.

तेव्हा दारात चौकशी आली तर आवाज चढवू नका, पण ‘आमच्याकडे असंच असतं’ म्हणून वेळही मारून नेऊ नका; काय बोललात ते त्याच रात्री तारखेसह लिहून ठेवा. तोंडी ‘केस बंद’वर विसंबू नका, निकालाचा शब्द पत्रातच शोधा. सुनावणी लेखीच मागा, पोचपावती जपा आणि आपल्या प्रकरणाच्या कागदांची प्रत मागून घ्या. राज्य बदललं म्हणून नोंद मागे राहत नाही. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांची आधीच्या पाच वर्षांतल्या प्रत्येक राज्यात चौकशी होते. अर्जात विचारलं तर लपवू नका. महाराष्ट्र मंडळांत करसल्ल्याची व्याख्यानं होतात, व्हिसाची होतात. एक संध्याकाळ कुटुंब-न्यायालयाच्या वकिलालाही बोलवा.

आणि कुणाच्या घरी असा कागद बँकेच्या फाइलमध्ये पडला असेल, तर त्यांनी तो आज बाहेर काढावा आणि आधी वरची तारीख बघावी.