इंजिनाखालचा पत्रा

चि. सोनूस,


हिमालयन मोटरसायकल घेतलीस, तीही जुनी ४११, याचा मला फार आनंद झाला. तुझ्या आईला झाला नाही, तिची समजूत मी घालतो. बॅश प्लेटचे, म्हणजे इंजिनाखालच्या पत्र्याचे, तिन्ही फोटो पाहिले. तू विचारतेस, पत्रा ३ मिमी घेऊ, ४ घेऊ की ६? जाडीचं नंतर बघू. आधी मला सांग, यातली कुठली प्लेट कशाला कसली जाते?

दगड खालून आदळला की तो मार कुठेतरी पोचणारच. प्लेट फ्रेमला कसलेली असेल तर तो फ्रेमच्या नळ्यांत जातो आणि त्या तो सोसतात. इंजिनाच्या केसिंगवरच्या बोल्टांना कसलेली असेल तर तोच मार ओतीव ॲल्युमिनियमच्या कानांवर येतो. ओतीव ॲल्युमिनियमला वाकणं फारसं ठाऊक नसतं, ते तडकतं. मग खालचा ६ मिमीचा पत्रा शाबूत आणि वरचं केसिंग फुटलेलं, असं होतं. तुझ्या ४११ मध्ये समोरून खाली आलेली फ्रेमची नळी दुभागून इंजिनाखालून जाते. प्लेटला टेकायला याहून चांगली जागा नाही. २०२३ अखेर आलेल्या ४५० मध्ये इंजिन स्वतःच फ्रेमचा भार घेतं, तिथली मांडणीच वेगळी, म्हणून ४५० साठी बनवलेली प्लेट कुणी ‘बसवून देतो’ म्हणाला तरी घेऊ नकोस. फोटोतली दुसरी प्लेट मला केसिंगला मार बसेल म्हणून खटकते. तिचे मागचे दोन बोल्ट केसिंगकडे जाताना दिसतात.

२२० मिमी ग्राउंड क्लिअरन्स असताना प्लेटला एवढं महत्त्व का, असंही तू लिहिलं आहेस. तो आकडा उभ्या गाडीचा. पुढचं सस्पेन्शन २०० मिमी दबतं, मागचं चाक १८० मिमी वर येतं. मागे सामान बांधून तू खड्ड्यात उतरलीस आणि दोन्ही एकदम दबली, तर इंजिनाखाली दोन-तीन बोटांची जागा उरते. मावळातल्या कच्च्या वाटेवर त्याच वेळी काळ्या पाषाणाचं टोक वर आलेलं असतं. आणि स्पितीला जाणार आहेस ना? बातलपासून ग्रांफूपर्यंत ओढ्यांनी आणलेले गोटे रस्त्यावरच पसरलेले असतात. तिथे गाडी टेकण्याआधी पुढच्या चाकाने उडवलेले दगडच जास्त लागतात. म्हणून प्लेटची पुढची बाजू वर वळलेली हवी, सायलेन्सरचा पुढचा बेंड आणि इंजिनाची छाती झाकणारी. पण फार पुढेही नको. ब्रेक दाबला की चाक फॉर्कच्या तिरक्या रेषेत वर आणि मागे, इंजिनाच्या दिशेने सरकतं. पूर्ण दबलेल्या अवस्थेत ते प्लेटला घासता कामा नये. हे विकणाऱ्याला विचारच, आणि नीट उत्तर आलं नाही तर तिथून उठ.

आता जाडी. ॲल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. ४ मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा ताठपणात ३ मिमी पोलादाच्या जवळपास जातो आणि वजन निम्म्याहून कमी भरतं. त्यामुळे तुझ्यासाठी ४ मिमी ॲल्युमिनियम, यावर मी ठाम आहे. ६ मिमीने फक्त वजन वाढेल. भोसरीत कुणाकडून बनवून घेणार असशील तर ५०५२ मिश्रधातूचा पत्रा माग. ६०६१-टी६ जास्त कणखर खरा, पण कमी त्रिज्येत वाकवला की वळणावरच चिरतो, आणि प्लेटला वळणं तर द्यावीच लागतात. प्लॅस्टिकच्या प्लेटही असतात. दगडावरून त्या धातूपेक्षा सहज सरकतात, आवाजही कमी करतात. पण ते प्लॅस्टिक १३० अंशांच्या आसपास वितळतं, आणि गरम बेंडाशेजारी ते मला नको वाटतं.

मागची कड वर वळलेली आहे का, हेही बघ. चढावर गाडी थांबली आणि मागे घसरली की सरळ कड दगडात कुदळीसारखी रुतते. बोल्टांची डोकी खाली लोंबत असतील तर पहिल्याच दगडात घासून जातील आणि मग पाना लागणार नाही. ती खोलगट जागेत बसलेली हवीत.

ऑइल काढायला मोठं भोक ठेवलेली प्लेट सगळ्यांना सोयीची वाटते. मला ती आवडत नाही. ज्या भोकातून पाना आत जातो त्यातून दगडाचं टोकही जातं, आणि नेमकं ड्रेन बोल्टवर. त्यापेक्षा दर ऑइलला चार बोल्ट काढून प्लेट उतरव. प्लेटमागे ऑइलची गळती महिनोन्महिने लपून राहते, ती तेव्हाच दिसते. प्लेटवरचे ओरखडेही वाच. मार पुढे बसतोय की मागे, ते त्यांतून कळतं. पाण्यासाठी लहान भोकं मात्र असू देत. पावसाळ्यात काळी माती प्लेट आणि इंजिनाच्या मधे थापली जाते, वाळली की विटेसारखी होते आणि इंजिनाची उष्णता अडवते. उन्हाळ्यात तिथे सुकं गवत अडकतं आणि बेंड शेजारीच तापलेला असतो, तेव्हा गवताळ वाटेवरून आलीस की वाकून आधी ते उपस.

पत्रा घणघणत असेल तर बोल्टांखाली रबराचे वॉशर टाक. आट्यांना निळं लॉकटाइट लाव. लाल लावू नकोस, ते तापवल्याशिवाय सुटत नाही. पहिल्या कच्च्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा कस.

स्पितीला निघताना दोन जादा बोल्ट, एक लिटर ऑइल आणि एम-सीलची पुडी सोबत ठेव. केसिंगला बारीक चीर गेलीच तर जागा पेट्रोलने पुसून पूर्ण कोरडी कर, मग लाव, आणि पुडीवर लिहिलेला वेळ थांब. घाई केलीस तर लेप निघून येईल. गाडी उलटी दिसेल असे, खालून काढलेले फ्रेमचे फोटो मला पाठव. कुठले बोल्ट कुठे जातात ते पाहून उरलेल्या दोन प्लेटबद्दल कळवतो. तोपर्यंत पैसे देऊ नकोस.

तुझा,
मामा