रंगकामाचा ठराव आणि कारागिराचा हक्क

लग्नकार्य किंवा ईद जवळ आली की साताऱ्या-सांगलीकडील आपल्या घरांतून रंगाऱ्याचा शोध सुरू होतो. नमाज-रोज्याविषयी दक्ष असणारी मंडळीही या व्यवहारात मात्र "काम सुरू करा, पैशाचे नंतर पाहू" एवढ्यावर ठराव उरकतात. शरीअतच्या दृष्टीने हा इजारा, म्हणजे मजुरीचा करार आहे, आणि त्यात काम व मोबदला दोन्ही आधी स्पष्ट असणे आवश्यक आहे. मोबदला अज्ञात राहिला तर करार फासिद ठरतो आणि मग हनफी फिक्हनुसार उजरत-ए-मिस्ल, म्हणजे तशा कामाची प्रचलित मजुरी, द्यावी लागते. तिच्यावरूनच पुढे भांडणे होतात.

म्हणून दर रोजावर की चौरस फुटावर, माप घेताना दारे-खिडक्या वजा करायच्या की नाही, लांबी भरून घासणे, प्रायमर आणि रंगाचे दोन हात हे सारे त्याच दरात आहे काय, हे आधीच बोलून घ्यावे. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आहे. वहीच्या एका पानावर लिहून दोघांनी सही केली, तर त्यात अविश्वास कसला?

सांगलीत 2005 आणि 2019 साली कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले. पाणी ओसरले तरी भिंतीच्या पोटात ओल राहते. वरून कोरड्या दिसणाऱ्या अशा भिंतीला रंग लावला की थोड्याच काळात पोपडे सुटतात. हे कारागिराला कळते. येथे सहीह मुस्लिममधील एक प्रसंग आठवतो. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर आतून धान्य ओले निघाले. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाहीस असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यापैकी नाही असे बजावले. ओल दडवून रंगवलेली भिंत याहून वेगळी नाही. मात्र कारागिराने आधी सांगूनही "मला ईदच्या आत हवे" असा हट्ट मालकाने धरला असेल, तर पोपड्यांचा दोष कारागिरावर टाकून त्याचे पैसे कापणे हा अन्याय होय.

रंगाच्या डब्यात निघणाऱ्या टोकनाचा प्रश्न वारंवार विचारला जातो. कंपन्या ते रंगाऱ्यासाठीच ठेवतात आणि ते त्याने घेण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्याने ते घेण्यास हरकत दिसत नाही. तरीही आधी बोलून घेणे उत्तम. दुकानातील सवलतीचे तसे नाही. मालकाच्या पैशाने माल आणणारा रंगारी त्याचा वकील असतो, आणि विक्रेत्याने कमी केलेली किंमत मालकाचीच. बिल पूर्ण रकमेचे दाखवून फरक खिशात घालणे खियानत आहे.

कारागीर मुस्लिमच असावा अशी अट नाही. हिजरतच्या वेळी प्रेषितांनी (स.) व हजरत अबू बकर (रजि.) यांनी वाट दाखवण्यासाठी जो माणूस मजुरीने ठरविला, तो इस्लाम न स्वीकारलेला, पण वाटांचा जाणकार व विश्वासू होता. सूरह कससमध्ये मूसा (अलै.) यांना कामावर ठेवण्याची शिफारस करणाऱ्या कन्येनेही सामर्थ्य आणि विश्वासूपणा हेच दोन गुण सांगितले.

आता मजुरीविषयी. घाम सुकण्याआधी ती देण्याची हदीस आपल्या तोंडपाठ आहे. परंतु अखेरचे दोन-चार हजार "पुढच्या महिन्यात" म्हणून अडकवणारे घर प्रत्येक मोहल्ल्यात सापडेल. सहीह बुखारीतील हदीस-ए-कुदसीनुसार कियामतच्या दिवशी अल्लाह तआला ज्या तिघांविरुद्ध स्वतः फिर्यादी असेल, त्यांत पूर्ण काम करवून घेऊन मजुरी न देणारा आहे. याच ग्रंथात गुहेत अडकलेल्या तिघांची हकीकत येते. त्यांतील एकाचा मजूर आपली मजुरी मागे ठेवून निघून गेला होता. मालकाने ती गुंतवून वाढविली, आणि बऱ्याच काळाने मजूर परतला तेव्हा उंट, गायी, शेळ्या असे सारे त्याच्या हवाली केले. आपली थट्टा होते आहे असेच त्या मजुराला वाटले.

रंगाऱ्याचा हिशेब राहिला असेल आणि तो गाव सोडून गेला असेल, तर त्याचा पत्ता काढावा. तो वारला असेल तर रक्कम त्याच्या वारसांची आहे.